दगूबाईचं वजन

चावडीसमोरच्या निंबाखाली सगळं गाव जमलं होतं. निंबाच्या फांदीला गोल तबकडीचा काटा टांगलेला, काट्याला साखळ्या आणि साखळ्यांना बसायची फळी. फळीच्या कडांना लावलेल्या झेंडूच्या माळा पार जमिनीला टेकल्या होत्या. पलीकडे भगवा तंबू होता, त्याचं दार बंद.

"माणसाला माणूस फसवील, काट्याला कोण फसवणार?" काटा घेऊन गावात आलेले तोलबाबा खणखणीत आवाजात सांगत होते. "जिने लेकरांचे जीव गिळले, तिच्या पोटात ते जीव झोपलेत. या घंटेच्या नादाने ते जागे होतील, आणि काटा बोलेल."

लोणखेड्याच्या पुढे, गोमाई नदीकाठच्या या गावात १९३४ सालच्या आश्विनात तीन लेकरं तापाने गेली होती. तिन्ही दगूबाईच्या हातून जन्मलेली. ती गावची सुईण, विधवा. तिच्याबद्दल 'डाकीण' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तो तिच्या दिराने, पितांबरने. दगूबाईचं नदीकाठचं शेत त्याच्या शेताला लागून होतं, पण ते कोणी बोलत नव्हतं. आज काटा बोलला की तिचे केस कापून तिला नदीपार हाकलायचं ठरलं होतं. पितांबरच्या हातात कात्री तयार होती.

सकाळपासून सहा बाया फळीवर बसून उतरल्या. प्रत्येकीच्या वेळी बाबांनी घंटेचा एक टोला दिला. काटा जागचा हलला नाही.

मग दगूबाई फळीवर बसली. बाबांनी आकडा वाचला, एक मण सात शेर. मग डोळे मिटून मंत्र पुटपुटला आणि घंटा वाजवली. एक, दोन, तीन.

फळी खाली गेली. काटा सरकत एक मण तीस शेरांवर थांबला.

"तेवीस शेर!" बाबा ओरडले. "तीन जिवांचा भार!"

गर्दीतून हुंदका आला. ती रेवाबाई होती, मागच्याच आठवड्यात पोर गमावलेली. तिने पदर तोंडाशी धरला आणि ती दोन पावलं मागे सरली. एवढ्या लोकांनी आकडा पाहिला होता. क्षणभर दगूबाईलाही वाटलं, असेल आपल्यात काही.

पण मांडीवरचे हात मघाइतकेच हलके होते. फळीवर अंगाचा भारही तेवढाच जाणवत होता. आणि फळी खाली जाताना आधी हिसका बसला होता. ती जड होऊन फळी बसली नव्हती. फळी खाली गेली आणि मागून ती गेली. शिवाय सहा जणींना एक टोला, तिला तीन.

बाबांनी एक टोला दिला, काटा मागे सरकला आणि पितांबर पुढे आला. दगूबाई फळीवरून उतरली आणि थेट पोलीसपाटील दोधू आप्पांसमोर उभी राहिली. आप्पांचा नातू कालपासून तापाने फणफणला होता; त्यांचा चेहरा काळवंडला होता.

"आप्पा, मन्हा केस मंग कापा. आधी मले एक गोष्ट देखू द्या."

"काय देखनं शे?"

"मेहबूबभाऊ, तुम्हनं दहा शेरनं लोखंड द्या."

मेहबूब शहाद्याचा. कापसाच्या हंगामाआधी गावोगावचे तराजू दुरुस्त करत फिरायचा. तो बराच वेळ गर्दीच्या कडेला उभा होता. तो काटा त्याला खटकत होता, पण जीभ उचलत नव्हती.

"तुन्हं काय काम शे आठे?" पितांबर त्याच्यावर खेकसला.

मेहबूब काट्यापाशी आला. मग पिशवीतून सरकारी छापाचं वजन काढून त्याने फळीवर ठेवलं. काट्याने बरोबर दहा शेर दाखवले.

"काढा ते. लोखंडाला मंत्र लागत नाही," बाबा घाईने म्हणाले.

त्यांचा हात पोचण्याआधी दगूबाईने घंटा उचलली. तीन टोले दिले.

फळी खाली गेली. काटा तेहतीस शेरांवर थांबला.

लोक काट्याजवळ सरकले.

"बाबा," दगूबाईने विचारलं, "ह्या लोखंडना पोटमा कोन्हा जीव शे?"

मेहबूबने गुडघे टेकून माळा बाजूला केल्या. फळीच्या बुडातून एक काळी तार जमिनीतल्या भोकात गेली होती. आप्पांनी तंबूचं दार उघडलं. आत बाबांचा चेला पाय रोवून, जमिनीखालून आलेली तीच तार दोन्ही हातांनी ओढून बसला होता. सोड म्हणून खुणेचा एक टोला त्याला कोणी दिलाच नव्हता.

"काटामा गुंडाळेल तारनी कमान शे," मेहबूब लोकांना म्हणाला. "कमानले माल कळत नही, वढ कळस. धरती आपले खाले वढस, त्या वढले आपण वजन म्हणतस. तिन्हामा ह्या चेलानी वढ मिळनी. माल जेवढा व्हता तेवढाच शे."

"डोकावरनी पाटी मांगून कोनी खाले वढी, ते जड लागस," दगूबाई म्हणाली. "पाटीमा दाणा वाढतस का?"

पितांबर केव्हा निघून गेला ते कोणी पाहिलं नाही. बाबा आणि चेला यांना आप्पांनी चावडीत बसवून ठेवलं. मग ते दगूबाईकडे वळले.

"तुम्हना नातूले ताप कसाले उना ते डॉक्टरले इचारू," ती म्हणाली. "गाडी जुपा."

आप्पांच्या नातवाला मांडीवर घेऊन ती शहाद्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी हिवताप सांगितला, कोयनेल, म्हणजे क्विनीन, दिलं. आठ दिवसांनी पोर अंगणात खेळू लागलं. रेवाबाईचं पोर मात्र परत आलं नाही. त्याला कोणी दवाखान्यात नेलंच नव्हतं.

त्या दिवशी काट्याने खोटा आकडा दाखवला नव्हता. जेवढी ओढ होती, तेवढी त्याने सांगितली. ती ओढ कोणाची, हे विचारायचं काम माणसांचं होतं, आणि एवढ्या गर्दीत ते फक्त तिने केलं जिचा जीव पणाला लागला होता. डोळ्यांना दिसलं म्हणून तिथे थांबू नका. ते कशामुळे घडलं, हे विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत कोणालाही दोषी ठरवू नका.