डोळ्याच्या रकान्यातलं ‘नाही’

वहीत त्रेचाळीस नावं होती. एकतीस जणांचा दंड दुखला होता, नऊ जणांना ताप आला होता, तिघांना काहीच झालं नव्हतं. लस घेतलेल्यांना फोन करायचा आणि ते सांगतील तो त्रास जसाच्या तसा लिहायचा, एवढंच आरोग्य केंद्रातलं तिचं काम. डोळ्यांच्या रकान्यात त्रेचाळीस वेळा ‘नाही’ होतं. त्यातलं एक खोटं होतं, आणि ते तिच्या सख्ख्या आत्याच्या नावापुढे होतं.

आठ दिवसांपूर्वी आत्या फोनवर म्हणाली होती, “उजव्या डोळ्यापुढे धुकं आलंय गं. सुईत दोरा जाईना.”

“वय झालं तुझं, आत्या. समोरचं कॅलेंडर वाच बघू.”

आत्याने घडाघडा वाचलं. दोन्ही डोळे उघडे ठेवून! एक डोळा झाक म्हणावं, हे शास्त्र शिकलेल्या भाचीला सुचलं नाही. घरचंच माणूस कुरकुरतंय, ते काय लिहायचं, असं मात्र लगेच सुचलं.

आज आत्याचा डोळा लालबुंद होता आणि उजेड सोसत नव्हता. भाची तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

“आत सूज आहे,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस कुणाला बोलला नाहीत?”

आत्याने भाचीकडे पाहिलंसुद्धा नाही. “मीच अंगावर काढलं. शिवणाची घाई होती.”

भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पुढे झाली.

“खोटं बोलतेय ती. तिने मला सांगितलं होतं. विचारायचं काम माझं, आणि मी ‘नाही’ लिहिलं.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “लसीमुळेच झालं का, हे एका माणसावरून कळत नाही. कळावं म्हणूनच नोंदी ठेवतात. ही तक्रार आठ दिवस आधी कळली असती, तर औषधही आठ दिवस आधी सुरू झालं असतं.”

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, “कशाला बोललीस? मी सांभाळून घेत होते ना?”

“तेच तर नको होतं.”

त्याच दुपारी तिने केंद्राच्या साहेबांसमोर ‘नाही’ खोडलं, शेजारी खरं लिहिलं आणि सही केली. साहेब म्हणाले, “आता उरलेल्या बेचाळीस जणांना पुन्हा फोन करा.” तिने केले. दर दोन तासांनी आत्याच्या डोळ्यात थेंबही तीच घालायची.

“हळू गं, डोळा आहे तो, कुंडी नव्हे,” आत्या कुरकुरायची.

तपासणी डावा डोळा झाकून झाली. उजवा डोळा: औषधाच्या पहिल्या दिवशी तक्त्यावरची मोठ्या अक्षरांची दुसरी ओळ. एकविसाव्या दिवशी बारीक अक्षरांची पाचवी ओळ, सहापैकी चार अक्षरं बरोबर.