अडलं तर विचारा

एका शंकेमागे काकांना एक फोन मिळत असे. फायदा एवढाच. पण ज्याच्या घरात भांड्याला भांडं लागायला दुसरं भांडंच उरलेलं नाही, त्याच्या लेखी तो काही थोडाथोडका नव्हता. बायको गेल्यापासून घरात आवाज असा कुकरचाच, आणि तोही शिट्टीपुरता.

यंत्रांची, घरगुती वस्तूंची माहितीपत्रकं ते एका भाषांतराच्या ऑफिससाठी घरबसल्या इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये उतरवायचे. ऑफिसचा नियम एकच: शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर अंदाज बांधायचा नाही, विचारायचं. इंग्रजी शब्द एकाच सदऱ्यावर लग्नालाही जातो आणि बाजारालाही. स्पॅनिशला प्रत्येक ठिकाणी वेगळे कपडे लागतात. 'की' कुलपाची असली तर 'यावे', बोटाने दाबायची असली तर 'तेक्ला'. अशी शंका कळवली की कामं वाटून देणाऱ्या बाई गिऱ्हाइकाला विचारत आणि यांना फोन करत. आधी शब्दाचा निकाल लागे, मग "बाकी काय म्हणताय, काका?" येई. सुरुवातीला शंका खऱ्या होत्या. पुढेपुढे त्या 'बाकी काय'साठी काका शंका पिकवू लागले.

"काका, 'स्प्रिंग' विचारलंय तुम्ही? गादीच्या माहितीपत्रकात वसंत ऋतू कुठून येणार हो?"

"विचारलेलं बरं, बाई. गिऱ्हाइकाचा काय नेम? वसंतात झोपायची गादी असायची."

बाई खळखळून हसल्या. त्या हसण्यावर काकांचा आठवडा निघाला. ऑफिसात त्यांना शंकासुर म्हणतात हे त्यांच्या कानावर होतं. नावं ठेवायला का होईना, आठवण काढतात, असा त्यांनी त्याचाही जमेकडे हिशेब धरला होता.

एकदा मात्र बाई दबक्या आवाजात बोलल्या. "काका, रागावू नका. साहेबांनी सगळ्यांच्या शंका काढून पाहिल्या. तुमच्या सगळ्यात जास्त. म्हणाले, या माणसाला भाषा येते तरी का? दुसरा कुणी बघू या."

येते हो, सगळी येते, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं. पण येते तर विचारत का होता? एक तर भाषा येत नाही म्हणायचं, नाही तर घर खायला उठतं म्हणायचं. त्यातल्या त्यात पहिलं स्वस्त पडेल असं त्यांना वाटलं.

"वय झालं, बाई. विसरायला होतं."

"काही काळजी करू नका. मी बघते."

आणि बाईंनी खरंच बघितलं. आपल्या सुट्ट्या मोडून काकांनी आजवर विचारलेला एकेक शब्द गोळा केला, समोर स्पॅनिश लिहिलं, आणि यादी धाडून दिली. खाली लिहिलं होतं, 'आता कुठेच अडायचं नाही, काका!' साहेब निवळले. काकांचं काम टिकलं. फोन तेवढे बंद झाले.

मग कपडे धुण्याच्या यंत्राचं माहितीपत्रक आलं. साठलेलं पाणी काढण्यासाठी खालचा 'प्लग' काढा, असं त्यात होतं. यादीत 'प्लग'समोर एकच शब्द: 'एन्चूफे', म्हणजे विजेचा. इथे हवं होतं बूच, 'तापोन'. यादीबरहुकूम गेलं तर बिचारं गिऱ्हाईक भिंतीतली वायर उपसून पाण्याची वाट बघत बसणार. किती दिवसांनी अस्सल कारण हाती लागलं होतं! काकांनी उगाचच केसांवरून हात फिरवला आणि नंबर लावला.

"अय्या, काका! अहो, ती यादी साहेबांनी सगळ्यांना वाटली. म्हणाले, असं काम हवं. इतकी वर्षं झाली, एक बरा शब्द ऐकला नव्हता हो मी इथे. आईला दोनदा सांगून झालं! तुमच्यामुळेच झालं हं. बोला, काय अडलं?"

काकांनी 'प्लग' गिळला.

"काही नाही. सहज केला."

"सहज?" बाई गोंधळल्या. "बरं... बोला ना."

काय बोलणार? आजवरच्या गप्पांना आत शिरायला कुठला ना कुठला शब्द दार उघडून द्यायचा.

"तिकडे हवा कशी आहे?"

"तिकडे म्हणजे? काका, दोन गल्ल्या सोडून तर आहे ऑफिस!" मागून कुणीतरी हाक मारली. "ठेवू का? साहेब बोलावतायत."

"ठेवा, ठेवा."

संध्याकाळी त्यांनी बाईंना लिहून कळवलं: 'प्लग'चा बूच हा अर्थ तुम्हाला विचारायचा माझ्याकडून राहून गेला, चूक माझी, यादीत घालून घ्यावा. उत्तर आलं, 'घातला. धन्यवाद.'

साहेबांना आयता कोश मिळाला. बाईंच्या सुट्ट्या गेल्या, पण शाबासकीत वसूल झाल्या. यंत्र घेणाऱ्यांचं पाणी बिनबोभाट निघालं. भाषा येत नाही हा शिक्का आणि मुकं घर, दोन्ही काकांच्या नावे पडलं.