उन्हातले निळे ड्रम

मे महिन्यात भर बारा वाजता बाबांचा डबा घेऊन अंजूरच्या गोदामावर जाणं माझ्या जिवावर येतं. त्या दिवशी मात्र फाटकातच माझे पाय थबकले. अंगणात निळे लोखंडी ड्रम उन्हात उभे होते आणि त्यांची झाकणं पुरीसारखी टम्म फुगली होती.

ड्रम उन्हात काढणं नवं नव्हतं. सुताला खळ देताना, म्हणजे सायझिंगला, लागणारं मेण आमच्याकडे येतं. ते ड्रममध्ये घट्ट बसतं, म्हणून बाबा आधी ऊन दाखवतात, मग पाना लावून बूच उघडतात. वीस वर्षं हेच चाललंय. पण मेणाचा ड्रम कधी फुगत नाही.

मी लेबल वाचलं. पेंटेन. कंपनीनं भलताच माल पाठवला होता आणि बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. ते पाना घेऊन निघालेच होते.

"बाबा, थांबा. आतलं उकळतंय."

"उन्हात कधी काय उकळतं का? हवा धरलीय, जरा सोडतो."

मी बीएस्सीला आहे, पण घरात माझ्या रसायनशास्त्राला कुणी हिंग लावून विचारत नाही. तरी सांगितलं. मेणाचे रेणू लांबलचक, पंचवीसेक कार्बनचे. ते एकमेकांना घट्ट धरून बसतात, वितळायलाच पन्नासेक अंश लागतात. पेंटेनचा रेणू पाच कार्बनचा, इवलासा. त्याची पकड ढिली, छत्तीस अंशांवरच वाफ होते. बूच सैल केलं की वाफ भसकन बाहेर येणार, मग एक ठिणगी पुरे. बाबा ऐकणार नाहीत याचीच मला जास्त भीती वाटत होती.

त्यांनी ऐकलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"सकाळी यातलाच एक ड्रम निजामपुऱ्यात गेला. नोमानच्या सायझिंगला. त्याला बोललो, तुझ्या गल्लीत ऊन न्हाय, बॉयलरला लावून ठेव."

बाबांनी स्पीकरवर फोन लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर नोमाननं उचलला. "काका, तुम्हालाच फोन करणार होतो. ड्रम फुगलाय. पाना लावलाय, पण बूच जाम हाय."

मी बाबांच्या हातून फोन ओढून घेतला. "नोमानभाई, पाना सोडा. सगळ्यांना घेऊन बाहेर पळा, लांब जा, आणि फायर ब्रिगेडला बोलवा."

पलीकडून "सब बाहर निकलो" असं ओरडणं ऐकू आलं, मग पळणारी पावलं.

"आलो बाहेर, सगळे आलो," नोमान धापा टाकत म्हणाला. "पण काका, तुम्हीच सांगितलं म्हणून तर तिथं ठेवला."

बाबांच्या हातात अजून पाना होता. मी तो हात धरला आणि त्यांना ड्रमांपासून लांब, रस्त्यावर नेलं.