कपाटातले फोन आणि हवेतलं दान

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी एवढी गर्दी उसळायची, की त्यातली निम्मी माणसं आधी आली असती तर दुकान बंदच पडलं नसतं. मालकाने जागा भाड्याने दिली होती, सामान मात्र हलवलं नव्हतं. त्यामुळे स्वतःला अंकयोगी म्हणवणारे बाबा ज्या सोफ्यावर ध्यानस्थ बसत, त्याच्या हाताला 'घासाघीस करू नये' अशी चिठ्ठी अजून लटकत होती. भक्त ती वचन समजून वाचत.

त्या रविवारी सोफ्यासमोर कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला बसला होता. फोनवरून पैसे पाठवताना जो गुप्त आकडा दाबावा लागतो, तो डोळे मिटून मनातल्या मनात म्हणत होता. योग्यांनी दोन बोटं स्वतःच्या कपाळाला लावली.

"एक," ते म्हणाले. "नऊ... परत नऊ... आणि आठ."

स्टेशनरीवाला घळघळा रडायला लागला. "हाच. बायकोलासुद्धा माहीत नाही हो."

"मला दिसला, म्हणजे उद्या चोरालाही दिसेल," योगी म्हणाले. "तुझा आकडा उघडानागडा फिरतोय, बाळा. त्याला वस्त्र पाहिजे."

मग त्यांनी त्याच्या कानात नवा, सिद्ध केलेला आकडा सांगितला. आत येताना सगळ्यांचे फोन बाहेरच्या कपाटात ठेवून घेत. तो तिथून आपला फोन घेणार, नवा आकडा बसवणार, फोन उघडायलाही तोच आकडा ठेवणार आणि प्रवचन संपेपर्यंत फोन परत कपाटात ठेवणार. ताजा आकडा फोनमध्ये मुरायला तासभर लागतो म्हणे, आणि मुरताना मालकाचा हात लागला तर नासतो. लोणच्याचं शास्त्र फोनला लावणारा हा पहिलाच पंथ असावा.

पण खरा चमत्कार सोफ्याशेजारच्या टेबलावर होता. दुकानदार गल्ल्यावर ठेवतात तसला, पैसे आले की मोठ्याने सांगणारा डबा. योगी रोख रकमेला शिवत नसत, कारण नोटेला हजार हातांचं पाप चिकटलेलं असतं. सगळ्या भक्तांचे फोन बाहेर कपाटात, कुणाच्या हातात काही नाही, आणि तरी डबा मधूनमधून ठणकावून सांगायचा, "रक्कम जमा झाली." तो बोलला की सगळी सभा हात जोडायची. योगी या प्रकाराला निराकार दान म्हणत. देणारा दिसत नाही, घेणारा तेवढा दिसतो.

तिसऱ्या रांगेत दातांची डॉक्टर आपल्या सासूबाईंना न्यायला आली होती आणि हे सगळं पाहून तिची दाढ दुखायला लागली होती.

"बघितलंस?" सासूबाई कुजबुजल्या. "पुढच्या रविवारी माझा नंबर आहे."

"आई, त्या खात्यात लिफ्टचे पैसे आहेत."

"म्हणूनच तर."

त्यांच्या इमारतीची लिफ्ट कित्येक महिने बंद होती. नव्या लिफ्टसाठी सगळ्या घरांनी वर्गणी काढली, आणि ठेवायची कुणाकडे यावर तीन बैठकांत भांडून झाल्यावर एकाच नावावर एकमत झालं: सासूबाई. जिने आयुष्यात कुणाची वाटीसुद्धा ठेवून घेतली नाही अशी बाई, असं त्या ठरावात लिहिलं होतं. त्या ठरावाची प्रत सासूबाईंनी घरातल्या कपाटाला आतून चिकटवली होती.

घरी जिने चढताना चौथ्या मजल्यावर पाय मोडलेले मास्तर कुबड्या टेकून उभे होते. घसरल्यापासून ते खाली उतरलेच नव्हते.

"खजिनदारबाई, कधी येणार आमची लिफ्ट?"

"पुढचा रविवार झाला, की मंगळवारी कंपनीला पैसे पाठवायचेत, मास्तर. त्याआधी आकडा शुद्ध करून घेते, म्हणजे वाटेत काही भानगड नको."

मास्तरांनी डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरने जिन्याकडे.

"एवढ्या लोकांचे आकडे ओळखले, ते काय खोटं?" वर पोचल्यावर सासूबाईंनी विचारलं.

"अर्ध्यांना त्यांनी 'ढग आहेत, पुढच्या रविवारी या' सांगून परत पाठवलं, ते मोजलंत का?"

"तुला दात सोडून काही कळत नाही."

दातांतूनच कळलं. गुरुवारी स्टेशनरीवाला दाढ धरून दवाखान्यात आला. खुर्चीत आडवा झाला, तोंड उघडलं आणि रडायलाच लागला. दाढेला अजून हातही लागला नव्हता.

"खातं रिकामं झालं, डॉक्टर. रविवारीच. थोडं थोडं करून."

"पोलिसांत गेलात?"

"योग्यांकडे गेलो. ते म्हणाले, मागच्या जन्मीचं देणं होतं, फिटलं. अभिनंदन केलं त्यांनी माझं."

डॉक्टरने त्याच्या तोंडात कापूस कोंबला. माणूस मधे बोलणार नसेल तर तिला विचार करायला सोपं जायचं. "तो जुना आकडा, एक नऊ नऊ आठ. तुमच्या मुलीचं जन्मसाल?"

स्टेशनरीवाल्याचे डोळे विस्फारले. "आँ," तो म्हणाला.

"घाबरू नका, मी योगिनी नाही. तुमच्या मुलीचा किडका दात मीच काढला, तिचं वय मला ठाऊक आहे. रांगेत कुणाशी मुलीबद्दल बोललात?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. मग आठवून ओंजळ तोंडाशी नेली. पाणी. रांगेत पाणी वाटणाऱ्या मावशी. गोड बाई, उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला पेला देतात आणि विचारतात, मुलं किती, केव्हाची, लग्न कोणत्या साली झालं. आणि आपल्या माणसाला पाण्याहून जास्त तहान कशाची असेल, तर मुलांविषयी कुणीतरी विचारण्याची.

रविवारी सकाळी डॉक्टर म्हणाली, "आई, आधी मी बसते सोफ्यासमोर. माझाही आकडा अशुद्धच असणार."

"आली अक्कल," सासूबाई म्हणाल्या आणि पुढे जाऊन तिसऱ्या रांगेत जागा धरून बसल्या.

डॉक्टर एकटीच रांगेत राहिली. मावशी आल्याच. "घे गं बाळा, पाणी. मुलंबाळं?"

"एकच मुलगी," डॉक्टर म्हणाली. "दोन हजार एकोणीसची. भयंकर हट्टी. सगळं तिच्यासाठीच चाललंय हो, अगदी फोनमधल्या आकड्यापर्यंत."

मावशींनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि पदर सावरत पुढे सरकल्या. पदराशी त्यांचे ओठ जरा जास्तच वेळ हलत राहिले.

सोफ्यासमोर डॉक्टर डोळे मिटून बसली. योग्यांनी कपाळाला बोटं लावली.

"दोन," ते म्हणाले. "शून्य... एक... नऊ."

सभेने श्वास घेतला. टेबलावरचा डबा म्हणाला, "रक्कम जमा झाली." सभेने हात जोडले.

"चुकला," डॉक्टर म्हणाली.

"लपवू नकोस, मुली." योगी मंद हसले. "त्या आकड्यामागे मला एक बालिका उभी दिसते. तुझीच आहे. गोड आहे, पण हट्टी."

तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सासूबाई उभ्या होत्या.

"कुठली बालिका?"

योगी त्यांना ओळखत नव्हते, म्हणून त्यांनी प्रेमाने सांगितलं, "हिची कन्या, माते."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्या विषयावर घरात दर पंधरा दिवसांनी भांडण व्हायचं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग भलतीच शंका.

"मुलगी आहे तुला? कुठे ठेवलीस तिला?"

"आई, नाहीये मला मुलगी."

"मग ह्यांना कशी दिसली?"

"मी पाणीवाल्या मावशींना थाप मारली. त्यांना सांगितली तेवढीच ह्यांना दिसली. हट्टीपणासकट."

योगी गडबडले नाहीत. अशा लोकांचा हाच गुण असतो. "माते, मी काळाच्या पलीकडे पाहतो. ही भविष्यातली कन्या आहे."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. मोह मोठा होता. नात मिळत होती, तीही आयती.

"भविष्यातली," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि दोन हजार एकोणीसला जन्मली? मी रोज ज्यांच्यासोबत एका घरात जेवते, त्या दोघांना शाळेत जाणारी मुलगी आहे आणि मला दिसली नाही? माझ्या चष्म्याचा नंबर एवढा वाढलेला नाही."

मागे कुणीतरी फिस्स करून हसलं. योग्यांचा हात आपोआप कानाकडे गेला. डॉक्टर दिवसभर माणसांच्या डोक्यावर वाकलेली असायची. ती सवयीने वाकली आणि त्यांच्या जटा बाजूला केल्या. कानात काळा मणी होता, त्यातून मावशींचा बारीक आवाज येत होता: "अहो, मुलगीच म्हणाली ती, शपथ."

हे ऐकायला सगळी सभा सोफ्याभोवती वाकली होती, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"ज्यांनी मुलाबाळांचं जन्मसाल आकडा म्हणून ठेवलंय, त्यांनी हात वर करा," डॉक्टर म्हणाली.

एकेक करत निम्मी सभा हात वर करून उभी राहिली.

"खाली करा. आता हे शेजाऱ्यालाही कळलं. असंच मावशींना कळत होतं. ज्यांचं साल जुळलं नाही, त्यांच्यावर ढग आले. आणि जुना आकडा ओळखणं हे नुसतं आमिष. खरी गंमत नव्या आकड्यात आहे. तो ह्यांनीच दिला, तर तो ह्यांना माहीत असायला योग कशाला लागतो? फोन उघडायचा आकडा तोच, पैशांचा तोच, आणि फोन ह्यांच्याच कपाटात."

"पण निराकार दान?" पहिल्या रांगेतला एक जण अजून हात जोडूनच होता. "ते तर डोळ्यांदेखत येतं."

"तुमच्यातल्या एकाच्याही हातात फोन नाही. मग आत्ता पैसे पाठवले कुणी?"

नेमका तेव्हाच डबा म्हणाला, "रक्कम जमा झाली."

कुणी हात जोडले नाहीत. सगळे बाहेर धावले. कपाटाला मागून फळी काढता येत होती, आणि फळीमागच्या कोठीत योग्यांचा पट्टशिष्य गादीवर मांडी घालून बसला होता. मांडीवर फोनांची रास. समोर, कोणत्या फोनला कोणता सिद्ध आकडा दिला त्याच्या चिकटपट्ट्या. त्याने मान वर केली आणि तो म्हणाला, "अजून मुरतायत."

योगी मागच्या जिन्याने निघाले होते. पण सोफ्याची चिठ्ठी कफनीत अडकली आणि ते ती सोडवत बसले. हावरेपणाला आवाज लागतो, म्हणून त्यांनी डबा चालू ठेवला होता. तोच त्यांना भोवला. पैसे नोटांत असते तर गोणीत घालून पसार झाले असते. फोनवरून गेलेला प्रत्येक पैसा कुठून कुठे गेला हे बँकेत उमटलेलं होतं. पोलिसांनी ते खातं गोठवलं. बऱ्याच लोकांना बरंच परत मिळालं. सगळं मिळालं नाही. स्टेशनरीवाल्याने तक्रार करायला चार दिवस लावले, त्याचे निम्मे गेले. देणं फिटल्याचं अभिनंदन मात्र त्याच्याकडून कुणी परत मागितलं नाही.

यंत्राने कुणालाही फसवलं नाही, हे एकदा नीट समजून घ्यावं. कुलूप चांगलं होतं. किल्ली लोकांनी स्वतःहून, हात जोडून, रांगेत उभं राहून दिली. गुप्त आकडा देव विचारत नाही, बँक विचारत नाही, पोलीस विचारत नाहीत. जो विचारतो, ओळखून दाखवतो किंवा नवा देतो, तो चोर आहे, मग तो सोफ्यावर बसलेला असो की फोनवर गोड बोलणारा असो. पैसे गेले तर त्याच तासाला बँकेला कळवावं. आणि जिथे चमत्कार दिसतो तिथे हात जोडण्याआधी एवढंच विचारावं: हे पैसे आत्ता दिले कुणी?

मंगळवारी सासूबाईंनी लिफ्टच्या कंपनीला पैसे पाठवले. पाठवताना स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. बाहेर आल्या, आणि चौथ्या मजल्यावर मास्तरांना पावती दाखवायला खाली निघाल्या.

"आई, आकडा बदललात ना?" डॉक्टरने विचारलं. "माझं जन्मसाल नाही ना ठेवलं? ह्यांचं?"

"नाही."

"मग काय ठेवलंत?"

सासूबाई पायरीवर थांबल्या. "हे बघ, माझ्या म्हातारपणी मला तूच बघणार आहेस. तुझ्याहून जवळचं मला कुणी नाही."

"मग?"

"तरी तुला नाही सांगणार," त्या म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.