‘सगळं ठीक’ म्हणणारा सांगाडा

मी बोलतोय, पण आधी सांगा, तुम्हाला इथे पाठवलं कोणी? रागावू नका, माझा स्वभावच संशयी. मी संगणकातला एक सांगाडा, लोक मला फ्रेमवर्क म्हणतात. रुग्णालयात खाटेजवळचं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर घंटा वाजते. ती वाजवणारे प्रोग्रामचे सगळे भाग माझ्यावर बसवलेले असतात.

मला एका प्रोग्रामरने लिहिलं, मी तिला ताई म्हणतो. तेव्हा सारे भाग एकाच मोकळ्या दालनात असत. मी स्वतः डोकावून बघायचो आणि एकेकाला कामाला जुंपायचो. एकदा मला गिऱ्हाइकाला दाखवायला न्यायचं होतं आणि घंटेचा भाग तयार नव्हता. ताईने घाईत एक ओळ घातली : काही सापडलं नाही तर ‘सगळं ठीक’ म्हण आणि पुढे जा. “उद्या काढते,” म्हणाली. तो उद्या नऊ वर्षांत उजाडला नाही.

मग तिचा धाकटा भाऊ तिच्याच कचेरीत कामाला आला आणि माझं पोट उघडून बसला. मला नव्या यंत्रणांवर चालवायचं होतं. तिथे प्रत्येक भाग आपल्या बंद खोलीत, परवानगीशिवाय कोणी कोणाला दिसत नाही. म्हणून शोधायचं काम माझ्याकडून काढून ज्या त्या यंत्रणेवर सोपवायचं, असं त्याने ठरवलं. माझ्या घरात कोण राहतं, हे मला परक्याने सांगायचं! आज हे नेतोय, उद्या मलाच गुंडाळेल. मी त्याच्यावर डोळा ठेवून होतो.

“कशाला एवढा घाट घालतोस?” ताई म्हणाली. “आहे तसाच चालवून बघ.”

त्याने मला नव्या यंत्रणेवर तसाच चालवला. मला नुसत्या भिंती दिसल्या. मी सवयीने म्हणालो, सगळं ठीक. हिरवा दिवा लागला.

“बघ!” ताई म्हणाली.

भावाने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. “ताई, घंटा कुठे वाजली? सोमवारपासून आजारी माणसं यावर विसंबणार आहेत गं.”

ताईचा चेहरा उतरला. तिने मला वरपासून खालपर्यंत चाळलं. “ही ओळ माझीच,” म्हणाली आणि स्वतःच्या हाताने ती खोडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जगावर संशय घेत होतो आणि थाप माझ्याच पोटात होती.

आता प्रत्येक यंत्रणा आपल्या भागांची यादी माझ्या हाती देते. एक जरी कमी असला तरी मी थांबतो आणि बोंब ठोकतो. सोमवारी एका आजींनी बटण दाबलं. घंटा वाजली. “आले हं, आजी!” नर्स म्हणाली.

तरीही एक विनंती आहे. मी ‘सगळं ठीक’ म्हणालो ना, तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका. एकदा बटण दाबून बघा.