बाळाची रेघ

बहिणीचं बाळ वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होतं आणि मी त्याच हॉस्पिटलच्या तळघरात नेटवर्क बदलत होते. साहेबांना म्हटलं होतं, आज हे दुसऱ्या कुणाला सांगा. ते म्हणाले, "दुसरं आहे कोण?" खरंच कुणी नव्हतं.

काम सांगायला सोपं. एकेका सर्व्हरच्या पोटात अनेक मशिनं चालतात, सगळी आभासी. त्यांना जोडणारा स्विचही आभासीच. जुन्या स्विचवरून एकेक मशीन उचलायचं, त्याचं अडॅप्टर, म्हणजे नेटवर्कला जोडणारं टोक, नव्या स्विचच्या पोर्ट ग्रुपला, म्हणजे ठरलेल्या खोबण्यांच्या गटाला जोडायचं आणि लगेच त्याला पिंग करायचं, म्हणजे हाक मारायची. ओ आली की मगच पुढचं.

बिलांचं मशीन झालं, औषधांचं झालं. मग नवजात बाळांच्या ठोक्यांच्या रेघा वॉर्डाबाहेरच्या स्क्रीनवर पाठवणारं मशीन आलं. ग्रुप बदलला, ओके दाबलं. पण ओ आली नाही तर, या धास्तीने हाकच मारली नाही. एवढी शहाणी मी!

फोन वाजला. बहीण होती.

"ताई, बाहेरच्या स्क्रीनवरची बाळाची रेघ गेली!"

मी विचारलं, "बाकीच्या बाळांच्या रेघा आहेत का?"

"बाकीच्यांचं काय विचारतेस गं! मला आत सोडत नाहीयेत!"

ती रडत होती. मी हाक मारली. देवा, ओ येऊ नको देऊस. चूक माझीच असू दे.

ओ आली नाही. हायसं वाटलं, पण क्षणभरच. मशीन मुकं झालं होतं हे खरं, पण त्याच्यामागे आमचं बाळ कसं होतं ते कुणाला ठाऊक? ग्रुपचा नंबर पाहिला, बरोबर होता. अडॅप्टर उघडलं. 'जोडलेलं' या शब्दापुढची टिक गेली होती. ती केली.

"ताई, रेघा येतायत. शेजारच्या बाळाची आली. कोपऱ्यातल्याची आली." मग तिचा आवाज चिरकला. "आपली नाही आली गं."

मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

"आली! ताई, आली! हलतेय!"

मी तिथेच फरशीवर बसले.

"काय झालं होतं गं?" तिने नाक ओढत विचारलं.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. ते इतक्या आनंदाने म्हटलं की तिने विचारलं, "ताई, तू हसतेयस का?"