टोपलीखालचा मांजरपुदिना

आमचा बोका फितूर झाला, आणि त्याला फितवणारा माणूस माझ्याच घरात माझ्याच हातचा चहा पीत होता.

बोक्याचं नाव वकील. अंग काळं कुळकुळीत, गळ्याखाली पांढरं. वजन इतकं, की तो खिडकीत बसला की घर त्या बाजूला कलायचं. हसू नका, भिंतीवरचं कॅलेंडर अजून वाकडंच आहे. दुपारी जेवणं झाली की तो माझ्या मांडीवर यायचा, नातवंडं भोवती बसायची, आणि मग माझ्या थापांना रंग चढायचा. आमचे हे लांब आरामखुर्चीत, नाकाला रुमाल लावून. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे बोलणंही मोजकंच. मांजराने शिंका येतात म्हणायचे.

या उन्हाळ्यात वकील दुपारचा यायचा बंद झाला. संध्याकाळी उगवायचा तो झिंगत, मिशीला माती, पांढऱ्या गळ्यावर जांभळ्या पाकळ्या. माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. त्याच सुमारास माझी कांद्याची तारेची टोपली गायब झाली. मी पोरांना सांगून टाकलं, टोपली वकिलाने नेली, ती डोक्यावर घालून तो कोर्टात जातो. पोरं हसून लोळली. हेही हसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझ्या थापेला हे कधी हसत नाहीत.

पण मांडी रिकामी असली की मला गोष्ट रंगवता येईना. पोरंही एकेक करून उठून जायला लागली. शेवटी एका दुपारी चपला हातात घेऊन मी वकिलाच्या मागे गेले.

पाण्याच्या टाकीमागे, भर उन्हात, एक झुडूप. राखाडी-हिरवी पानं, जांभळे तुरे, त्यावर मधमाश्या. नर्सरीवाला त्याला कॅटमिंट म्हणतो. मांजरांचा पुदिनाच तो, वासानेच मांजर झिंगतं. कोवळे फुटवे मांजराने लोळून चिरडू नयेत म्हणून त्यांच्यावर माझी टोपली पालथी घातलेली. शेजारी स्टुलावर हे, यांच्या मांडीवर वकील. रुमाल नाही, शिंक नाही.

"शिंका कुठे गेल्या?" मी विचारलं.

हे ओशाळले. बोक्याने तेवढंही केलं नाही. रोप म्हणे थंडी सरतानाच आणलं होतं. पाणी बेतानंच घालायचं, नाहीतर मुळं कुजतात, हेही मला ऐकवलं. माझ्या गुलाबाला या माणसाने कधी तांब्याभर पाणी घातलं नाही.

"नातवंडं तुझ्याकडे, मांजर तुझ्याकडे," हे म्हणाले. "वाटलं, एक तरी माझ्याकडे यावं."

"मग मागायचं होतं. चोरलंत कशाला?"

त्यावर हे वाकून टोपली नीट बसवायला लागले.

दुसऱ्या दिवशी हे केस कापायला गेले, तशी मी कात्री घेतली आणि झुडूप वीतभर ठेवून बाकी सगळं छाटलं. सूड म्हणजे सूड. घरात येऊन टेकते न टेकते तोच वकील धावत आला. माझ्या तळव्यांना नाक घासलं, हात चाटले, मांडीवर लोळला, आणि घुरघुर अशी की कपाटातल्या बश्या वाजायला लागल्या. माझे डोळे भरून आले. मग मी आपले हात हुंगले. सगळा पुदिन्याचा वास. उठून साबणाने खसाखसा धुतले आणि परत बसले. वकिलाने एकदा हुंगलं आणि तो चालता झाला. पिल्लू असताना बोटाने दूध चाटवलं होतं मी त्याला.

हे आले. मी कंबर कसून तयार. तर छाटलेलं झुडूप बघून म्हणतात, "बरं केलंस. पहिला बहर ओसरला की कापायचंच असतं, म्हणजे दुप्पट फुटतं. माझाच हात धजत नव्हता."

आणि फुटलं, मेलं. परवा त्यात पोस्टमन हरवला होता.

आता वकील दुपारी पुन्हा माझ्या मांडीवर असतो, पोरंही भोवती असतात. ती जमायच्या आधी मी टाकीमागे जाऊन दोन पानं हातांवर चोळून येते, पोरांना ते माहीत नाही. काल गेले तर हे आधीच तिथे, पान घेऊन सदऱ्याच्या बाहीला घासत. मी शेजारचं पान खुडलं.

वकील येतो, डोळे मिटतो, घुरघुरतो. थाप आहे, मला कळतं. थापांमध्येच हयात गेली माझी. तरी मी हात काढून घेत नाही.